रोज संध्याकाळी डेस्कटॉपचं नेट जातं, मोबाईलचं मात्र चालू राहतं

पानगळ
नमस्कार मंडळी, तीन आठवडे झाले डोकं पार पिकलंय म्हणून शेवटी इथे विचारतेय. घरी डेस्कटॉप आहे, विंडोज १०, त्याला स्वतःचं वायफाय नाही म्हणून मागच्या बाजूला युएसबीचं छोटं वायफाय डोंगल लावलंय आणि तीन वर्षं त्यावरच सगळं चाललंय. राऊटर बाहेरच्या खोलीत, मधे एकच भिंत. दिवसभर काही म्हणजे काही त्रास नाही, पण संध्याकाळचे सात-साडेसात झाले की पान अर्धं उघडतं आणि ते चक्र फिरतच बसतं, व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा थिजतो, मधेच कोपऱ्यात 'नो इंटरनेट' येतं आणि दोन मिनिटांनी आपोआप जातं. त्याच वेळी त्याच वायफायवर मोबाईल व्यवस्थित चालू असतो!

राऊटर बंद-चालू रोज करते. डोंगलचा ड्रायव्हर काढून परत टाकला. अँटिव्हायरस बंद करून बघितला. कस्टमर केअरला तीनदा फोन झाला, तिन्ही वेळा तिकडून लाईन ओके आहे असं उत्तर. मी घरून भाषांतराचं काम करते, फाईल रात्री नऊच्या आत जावी लागते आणि नेमकं तेव्हाच हे. त्यात आता माऊस पण अडखळायला लागलाय, त्याचा सेल संपला असेल, तो वेगळा विषय. कोणी नीट मार्ग दाखवेल का?

खटपट्या
संध्याकाळी सगळेच नेटवर असतात त्यामुळे लाईनवर लोड येतो, हे अगदी कॉमन आहे. डीएनएस बदलून बघा, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. नाहीच झालं तर सेटिंगमधे जाऊन नेटवर्क रीसेट मारा, सगळं पहिल्यासारखं होतं.

वायरमन
पानगळ, थोडं थांबा, अजून काहीही बदलू नका. खटपट्या, राग मानू नका, पण नेटवर्क रीसेटने सगळे अ‍ॅडाप्टर काढून परत बसवले जातात, साठवलेले वायफायचे पासवर्ड जातात, व्हीपीएन असेल तर तेही परत घालावं लागतं, आणि एवढं करून मूळ बिघाड कुठे होता ते कळतच नाही. आधी नेट कुठल्या टप्प्यावर तुटतंय ते शोधू.

कॉम्प्युटरपासून वेबसाईटपर्यंत वाटेत मोजके टप्पे असतात. कॉम्प्युटर ते राऊटर हा पहिला, राऊटरपासून तुमच्या कंपनीमार्फत बाहेरच्या जगापर्यंत हा दुसरा, आणि नावाचा आकडी पत्ता शोधून देणारं डीएनएस हे तिसरं. संध्याकाळी नेट रडायला लागलं की कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग टाईप करून एंटर मारा, त्यात 'डिफॉल्ट गेटवे' समोर जो आकडा दिसेल तो तुमचा राऊटर, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा असेल. मग चार वेळा पिंग करा: आधी १२७.०.०.१, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःलाच हाक मारतो, मग तो गेटवेचा आकडा, मग ८.८.८.८, म्हणजे बाहेरच्या जगातला एक पत्ता, आणि शेवटी एखाद्या वेबसाईटचं नाव. पिंग एरवी चारच हाका मारतं, तेवढ्याने खात्री होत नाही, त्याला १०० मारायला सांगा (पिंगच्या पुढे उणे चिन्ह, एन अक्षर आणि १००). आकडे जसेच्या तसे इथे लिहा. आणि हेच सगळं सकाळी नेट चांगलं असतानाही एकदा करा, नाहीतर वाईट म्हणजे किती वाईट ते कशाशी ताडणार?

खटपट्या
राग कसला, रीसेटने पासवर्ड जातात हे मला माहीत नव्हतं. पण डीएनएस बदलायला काय हरकत आहे?

वायरमन
हरकत नाही, पण तिथे दुखणं असेल तर. डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की नंबर देणारी वही. वही हरवली की लक्षण ठरलेलं असतं: ८.८.८.८ ला पिंग झकास जातं आणि नावाने काहीच उघडत नाही. यांचा चालू असलेला व्हिडिओ कॉल थिजतोय, तिथे नाव शोधायचं काम कधीच उरकलेलं असतं. म्हणून माझा संशय दुसरीकडे आहे, पण आकडे येऊ देत.

सांजवात
माझ्याकडे काही साईट झटकन उघडायच्या आणि काही अर्ध्यावर लटकायच्या, तेव्हा एमटीयू, म्हणजे डेटाचं एक पाकीट किती मोठं असावं ती मर्यादा, चुकीचा निघाला होता. इथेही तेच असेल का?

वायरमन
सांजवात, तुमचं लक्षण वेगळं आहे पण ते इतकं फसवं असतं की थोडं लिहितो. इथरनेटवर एका पाकिटात साधारण १५०० बाइट मावतात. काही कंपन्यांची जोडणी पीपीपीओईची असते, म्हणजे राऊटरमधे युजरनेम-पासवर्ड घालावा लागतो ती, तिची स्वतःची चिठ्ठी ८ बाइट खाते म्हणून उरतात १४९२. राऊटरवर चुकून १५०० राहिलं आणि वाटेत कुठेतरी 'पाकीट मोठं आहे' हा निरोप अडवला गेला तर छोटी पाकिटं पोचतात, मोठी गायब. म्हणून पान सुरू होतं आणि लटकतं. तपासायला पिंगला तुकडे करू नको असं सांगून १४६४ बाइट पाठवायचे, वरचे २८ बाइट त्याचे स्वतःचे, बेरीज १४९२. ते गेलं आणि १४७२ अडलं तर १४९२ हाच आकडा ठेवायचा. पण हे घड्याळ बघून होत नाही, दिवसभर सारखंच होतं. पानगळ यांचं फक्त संध्याकाळी होतंय.

पानगळ
सगळ्यांचे खूप आभार, कोणीतरी इतक्या नीट विचारतंय हेच आधी बरं वाटलं. काल संध्याकाळी ७:२० ला केलं, आज सकाळी ९ ला परत.

संध्याकाळी: १२७.०.०.१ ला १०० पैकी १००, १ मिलिसेकंदाच्या आत. गेटवे, म्हणजे १९२.१६८.१.१ ला १०० पैकी ३१ वेळा 'रिक्वेस्ट टाईम्ड आउट', बाकीच्यांत कधी २, कधी ४००, एकदा तर १३८० मिलिसेकंद. ८.८.८.८ ला ३४ गळाले. नावाने केलं तेही जवळपास तसंच.

सकाळी: गेटवेला १०० पैकी १००, २ ते ४ मिलिसेकंद. ८.८.८.८ ला पण १०० पैकी १००.

यातून काय समजायचं?

वायरमन
यातून अर्धं काम झालं. राऊटर तुमच्याच घरात, एका भिंतीपलीकडे, आणि तिथपर्यंत जाताना १०० पैकी ३१ हाका हरवतायत. ८.८.८.८ ला ३४ गळाले कारण त्यातले बहुतेक या पहिल्या टप्प्यातच गळाले. म्हणजे कंपनीची लाईन, संध्याकाळचा लोड, डीएनएस, सगळे सुटले. कस्टमर केअरवाल्यांनी लाईन ओके सांगितलं ते खरंच होतं. बिघाड तुमचा कॉम्प्युटर आणि राऊटर यांच्या मधे आहे.

आता एखादी लांब लॅन केबल मिळते का बघा, कोणाकडून एका संध्याकाळपुरती आणा, खोलीतून आडवी टाकावी लागली तरी चालेल. डोंगल काढून केबल लावा आणि ७ वाजता तेच पिंग करा.

अनुस्वार
शेजारपाजारचे वायफाय संध्याकाळी चालू होतात, ते एकमेकांवर आदळत असतील. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी फार. चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच एक घ्यायचा, कारण चॅनल नुसते ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात आणि प्रत्येकाला लागतात २० मेगाहर्ट्झ, त्यामुळे ३ किंवा ८ घेतला की दोन्ही बाजूंचा त्रास. मी स्वतः या चुकीत वर्षभर होतो.

वायरमन
अनुस्वार यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, गर्दी हा खरा उमेदवार आहे. ते कसं तपासायचं तर मोबाईल २.४ वर आणून. पानगळ, तुमच्या राऊटरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पट्टे आहेत का? दोन्हीचं नाव एकच असेल तर मोबाईल बहुतेक ५ वर बसत असेल आणि डोंगल जुनं, नुसतं २.४ चं असेल. मग मोबाईल चांगला चालतो याला काही अर्थ राहत नाही, ते दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी जातायत.

पानगळ
बरोबर ओळखलंत, डोंगल फक्त २.४ चं आहे, खोक्यावर लिहिलंय. राऊटरमधे जाऊन ५ चं नाव वेगळं केलं आणि मोबाईल २.४ वर टाकला. केबल पण भावाकडून आणली. काल दोन्ही करून बघितलं.

केबलवर ७:३० ला गेटवेला १०० पैकी १००, सगळे १ मिलिसेकंद किंवा कमी. कॉल एकदाही थिजला नाही, किती दिवसांनी! फक्त स्पीड १०० एमबीपीएस दाखवतंय, राऊटर आणि कॉम्प्युटर दोन्ही गिगाबिटचे आहेत तरी.

मग केबल काढून परत डोंगल लावलं, ते रडायला लागलं, आणि तेव्हाच मोबाईल २.४ वर ठेवून सोफ्यावर बसून व्हिडिओ बघितला तर एकदम ठीक. चॅनल ६ आहे, ऑटोवर. आणि हो, डोंगलचा सिग्नल नेट रडत असतानाही ८६ टक्के दाखवत होता, सगळ्या दांड्या भरलेल्या, हे मला अजिबात कळत नाहीये.

वायरमन
आधी ते १०० चं सांगून टाकतो. लॅन केबलमधे ८ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठही लागतात. टोकाला ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार नीट दाबली गेली नसेल तर दोन्ही बाजू मुकाट्याने १०० वर उतरतात आणि कोणी काही बोलत नाही. कनेक्टर परत बसवला की सुटेल. आत्ताच्या चाचणीला १०० पुष्कळ आहे.

आता मुख्य. केबलवर ठीक म्हणजे कॉम्प्युटर आणि विंडोज ठीक. मोबाईल २.४ वर ठीक म्हणजे राऊटर ठीक आणि शेजाऱ्यांची गर्दी एवढी नाही. उरलं काय, तर डोंगल आणि त्याच्या अगदी आसपासचं काहीतरी. आणि ८६ टक्क्यांचं कोडं इथेच सुटतं. त्या दांड्या म्हणजे राऊटरचा आवाज किती मोठा येतोय एवढंच. आजूबाजूला गोंगाट किती आहे ते त्यात नसतं. समोरचा माणूस मोठ्याने बोलत असला तरी शेजारी गिरणी चालू असेल तर शब्द कळत नाहीत, तसं.

संध्याकाळी ७ नंतर कॉम्प्युटरजवळ काय सुरू होतं ते आठवा. दिवा, चार्जर, कॉर्डलेस फोन, काहीही.

कंसातला
मी इथे फक्त वाचत असतो, पण एक विचारू का? पहिल्या प्रतिसादात पानगळ यांनी लिहिलंय की माऊस पण अडखळतोय. तो वायरलेस आहे ना? त्याचा सेल बदलून फरक पडला का? आणि तो दिवसा अडखळतो का?

पानगळ
वायरलेस आहे, त्याचा बारका रिसीव्हर पण मागेच डोंगलच्या शेजारी. सेल गेल्या आठवड्यात नवीन टाकला, फरक नाही. दिवसा... थांबा, दिवसा नाही अडखळत. खरंच नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कंसातला
मग एकच प्रश्न, संध्याकाळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावता का? युएसबी ३ ची?

पानगळ
हो!! गेल्या महिन्यात नवीन घेतली, मागे एकदा तीन महिन्यांचं काम गेलं होतं तेव्हापासून धसका घेतलाय, म्हणून रोज सातला काम थांबवून डिस्क लावते आणि बॅकअप सुरू करते, रात्री झोपताना काढते. मागच्या निळ्या पोर्टमधे, डोंगलच्या बरोबर वर. हिचा नेटशी काय संबंध, ती तर नेटला जोडलेलीच नाही?

कंसातला
संबंध आहे आणि मी यात दोन महिने घालवलेत म्हणून लगेच डोक्यात आलं. युएसबी ३ मधून डेटा ५ गिगाबिट प्रति सेकंद वेगाने जातो. तेवढ्या वेगाच्या सिग्नलमुळे रेडिओचा गोंगाट पसरतो आणि तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. केबल, डिस्कचा कनेक्टर, कॉम्प्युटरचा पोर्ट, जिथे शिल्डिंग, म्हणजे गोंगाट अडवणारं धातूचं आवरण, कमी तिथून बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मधेच यावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं, त्यात वायरलेस माऊसची पण चाचणी आहे, रिसीव्हर डिस्कजवळ असला की माऊस अडखळतो. वायफायचं २.४, असले माऊस, ब्लूटूथ, सगळे त्याच पट्ट्यातले. म्हणून तुमचे दोन्ही एकदमच आजारी पडले. मोबाईल सोफ्यावर होता, गोंगाटापासून लांब, म्हणून तो २.४ वर असूनही वाचला.

डिस्क खराब नाही, डोंगलही खराब नाही, फक्त दोघं फार जवळ बसलेत.

वायरमन
कंसातला, शाब्बास. मी माऊसचं वाक्य वाचून पुढे गेलो होतो, ते तुम्ही पकडलंत. 'तो वेगळा विषय' असं लिहिलेलं मी वेगळंच धरलं.

पानगळ, खात्री करून घ्या. आज सातला नेहमीसारखी डिस्क लावा, पिंग सतत चालू ठेवा (१०० च्या जागी टी अक्षर दिलं की थांबवेपर्यंत चालतं), आणि बॅकअप नीट संपल्यावर डिस्क सुरक्षित काढायचा पर्याय वापरून काढा. आकडे कधी सुधारतात ते बघा. मग डोंगल साध्या युएसबी एक्स्टेंशन वायरवर लावून कॉम्प्युटरपासून लांब, टेबलाच्या पुढच्या कडेला आणा आणि डिस्क परत लावा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

मीठभाकर
धागा चांगला चाललाय म्हणून मधेच माझं घुसवतेय, माफ करा. माझ्या पीसीला केबलने जोडलंय तरी नेट नाही, आयपीकॉन्फिगमधे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा येतोय. हा कुठला पत्ता?

अनुस्वार
हा कॉम्प्युटरने स्वतःच स्वतःला दिलेला पत्ता. कॉम्प्युटर जोडला की 'मला पत्ता द्या' असं विचारतो, राऊटरमधलं डीएचसीपी तो देतं. कोणीच उत्तर दिलं नाही की विंडोज १६९.२५४ मधला एखादा आकडा स्वतः घेऊन बसतं, त्याने बाहेर जाता येत नाही. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर राऊटरशी बोलूच शकत नाहीये. केबल राऊटरच्या कुठल्या पोर्टमधे आहे? एक पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो, त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं, तो बाहेरून येणाऱ्या लाईनसाठी, तो पत्ते वाटत नाही.

मीठभाकर
त्यातच होती! साफसफाईत राऊटर हलवला तेव्हा दोन्ही केबल काढल्या होत्या आणि उलट्या लागल्या. आता १९२.१६८ आला आणि नेट पण आलं. फार फार आभार.

पानगळ
मंडळी, आकडे.

७:०५ ला डिस्क लावली, बॅकअप सुरू केला, मिनिटभरात पिंग गळायला लागलं. ७:५० ला बॅकअप संपला, डिस्क काढली, आणि पुढची ओळ ३ मिलिसेकंद. तिच्यापुढची पण ३. मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. परत लावून मोठी फाईल कॉपी करायला टाकली तर परत टाईम्ड आउट. परत काढली, परत ३. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच.

मग घरात पडलेली दीड मीटरची एक्स्टेंशन वायर सापडली, डोंगल तिला लावून मॉनिटरच्या बाजूला ठेवलं. डिस्क लावलेली, कॉपी चालू, गेटवेला १०० पैकी १००, सगळ्यात जास्त ९ मिलिसेकंद. माऊस मात्र अजून अडखळत होता, म्हणून त्याचा रिसीव्हर पुढच्या बाजूच्या काळ्या पोर्टमधे हलवला, तोही ठीक झाला.

तीन आठवडे मी नेटच्या कंपनीवर चिडत होते, फोनवरच्या त्या मुलाला एकदा आवाज चढवून बोलले, त्याचं वाईट वाटतंय.

खटपट्या
हे भारीच निघालं. मी तर लोडच म्हणत बसलो असतो. माझ्याकडे पण डिस्क आणि डोंगल शेजारी-शेजारीच आहेत, आजच बघतो. ५ गिगाहर्ट्झचं डोंगल घेतलं तर हा प्रश्नच येणार नाही ना?

कंसातला
या गोंगाटाचा त्रास २.४ ला होतो, ५ ला नाही, त्यामुळे हो. पण ५ चे सिग्नल भिंतीतून कमी जातात, राऊटर दोन भिंतींपलीकडे असेल तर आधी मोबाईल त्या जागी ५ वर धरून बघा. आणि आत्ता फुकटात वायरवर काम होत असेल तर घाई कशाला. डिस्कची केबल जाड आणि चांगल्या शिल्डिंगची असेल तरी फरक पडतो, आणि डिस्क युएसबी २ च्या पोर्टमधे लावली तर हा गोंगाट होत नाही, फक्त कॉपीला बराच जास्त वेळ लागतो.

वायरमन
पानगळ, राऊटरवर ५ चं नाव वेगळं केलंत ते तसंच राहू द्या, पुढे कधी काही तपासायचं झालं तर उपयोगी पडतं. आणि भावाची केबल परत देताना त्याला कनेक्टरचं सांगा, तोही १०० वरच चालत असणार.

पानगळ
सांगितलं, त्याने आजच टोक कापून नवीन कनेक्टर बसवून घेतला, १००० दाखवतंय म्हणाला. माझी कालची फाईल ८:४० ला गेली, बॅकअप चालू असतानाच.